मक्याचा सातबारा

आमचे मामा सांगोल्याकडचे. दोन एकर मका असतो त्यांचा, तो पण दाण्यासाठी नाही, मुरघासासाठी, कारण गोठ्यात सात गाया आहेत आणि उन्हाळ्यात वैरणीचा भाव ऐकला की माणूस गप्पच बसतो. मागच्या दिवाळीत ते सोलापूरला आमच्याकडं आले होते. मी लॅपटॉपवर कामाचं काहीतरी बघत होते, स्क्रीनवर मक्याची दहा गुणसूत्रं उभ्या पट्ट्यांसारखी दिसत होती. मामांनी चष्मा लावला, पाच मिनिटं नीट बघितलं आणि विचारलं, "काय गं, ह्या तुमच्या कॉम्प्युटरातल्या मक्याला कणीस किती लागतं?"

सगळे हसले, मी पण हसले. पण तो प्रश्न काय डोक्यातून जाईना. मक्यावर जगभरात जो संशोधनाचा डेटा फुकट उघडा ठेवलेला आहे, त्याबद्दल विचारायचा खरा प्रश्न हाच आहे, आणि गंमत म्हणजे हा प्रश्न विचारायला तिथल्या शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं लागली. म्हणून म्हटलं एकदा सगळं बैजवार लिहून काढू, मामांना समजेल असं.

सातबारा सगळ्यांना माहितीये. दोन नमुने एका कागदावर. गाव नमुना ७ म्हणजे जमीन कुणाची, गट नंबर काय, क्षेत्र किती. गाव नमुना १२ म्हणजे त्या जमिनीत पीक काय होतं, ती पीकपाहणी. नुसता सात बघून जमीन कुणाची ते कळतं पण पिकलं काय ते कळत नाही, आणि नुसता बारा असला तर पीक कळतं पण कुणाच्या रानातलं ते कळत नाही. मक्याच्या डेटाचं डिट्टो तसंच. एक भाग म्हणजे झाडाच्या पेशीत लिहिलंय काय, तो जिनोम. दुसरा भाग म्हणजे ते झाड रानात उभं राहिल्यावर वागलं कसं: उंची किती, तुरा किती दिवसांनी पडला, कणीस जमिनीपासून किती वर लागलं, दाणे किती भरले, वाऱ्यात आडवं झालं का. माझ्या स्क्रीनवर सात होता आणि मामा बारा मागत होते.

आता जिनोम म्हणजे काय, ते सोलापूरकराला समजावणं सगळ्यात सोपं. चादरीचा कारखाना बघितलाय ना? मागाच्या वरच्या बाजूला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ फिरत असते, ते जकार्ड. जिथं भोक आहे तिथं दोरा वर जातो, जिथं नाही तिथं खालीच राहतो, आणि असं होत होत चादरीवर मोर नाहीतर फुलं उमटतात. आता तो पुठ्ठा हातात घेऊन कितीही बघा, मोर काय दिसायचा नाही, नुसती भोकं दिसतील. पण मोर त्यातच आहे. (आता बऱ्याच ठिकाणी पुठ्ठे जाऊन कॉम्प्युटर आलेत, पण तत्त्व तेच.) झाडाच्या पेशीतली डीएनएची माळ तशीच, फक्त भोक आहे-नाही अशा दोन खुणांऐवजी तिथं चार अक्षरं आहेत, ए, टी, जी आणि सी. मक्यात ही अक्षरं साधारण २३० कोटी भरतात, दहा गुणसूत्रांवर पसरलेली. माणसात ३०० कोटींच्या वर असतात, म्हणजे मका काय फार मागं नाही, आणि भाताला तर ४० कोटींतच भागतं.

ही २३० कोटी अक्षरं वाचून पहिल्यांदा छापली गेली नोव्हेंबर २००९ मध्ये. ज्या मक्याची वाचली त्याचं नाव बी-७३, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तयार केलेलं शुद्ध वाण, १९७२ मध्ये बाहेर आलेलं. त्यात सुमारे ३२ हजार जीन सापडले, जीन म्हणजे झाडाचा एखादा गुण ठरवणारा त्या माळेतला तुकडा. पण आपल्या दृष्टीनं खरी गोष्ट अशी की पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून यायच्या आधीपासूनच, जसजसे तुकडे वाचून होत होते तसतसे ते जेनबँक नावाच्या सार्वजनिक कोठारात टाकले जात होते. बघायला ना पैसे, ना कुणाची शिफारस. आज मी सात रस्त्याजवळच्या घरात बसून तो सगळा जिनोम डाऊनलोड करू शकते, फाईल एखाद्या चांगल्या प्रिंटच्या सिनेमाएवढी. नोटपॅडमध्ये उघडायला मात्र जाऊ नका, मी एकदा गेले होते आणि लॅपटॉप अर्धा तास हँग झाला.

नुसती अक्षरं घेऊन करायचं काय, तर त्यासाठी मेझजीडीबी नावाचा डेटाबेस आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पैशावर चालतो, आयोवातल्या एम्स गावातून, २००३ च्या सुमारास आधीचे दोन डेटाबेस एकत्र करून झालेला. तिथं जीनचं नाव टाकलं की तो कुठल्या गुणसूत्रावर कुठल्या जागी आहे, तो बिघडला तर झाड कसं दिसतं, त्यावर कुणी कधी काय लिहिलंय, बिघडलेल्या झाडाचा फोटो, आणि त्याचं बी कुठं मिळेल, हे सगळं एका पानावर येतं. उदाहरणार्थ वाय-१ टाकून बघा. सहाव्या गुणसूत्रावरचा हा जीन चालू असला तर दाणा पिवळा, बंद असला तर पांढरा. आपल्या बाजारातल्या पिवळ्या मक्याचा पिवळेपणा ह्या एका बटणावर. नाहीतर एसयू-१ टाका, चौथ्या गुणसूत्रावर, तो बिघडला की दाण्यातली साखर नीट स्टार्च होत नाही आणि दाणा गोड राहतो, वाळल्यावर सुरकुततो. मधुमक्याची मूळ गोष्ट ही. पावसाळ्यात कंबर तलावाकडं भाजलेलं कणीस खाताना मला उगाच हा जीन आठवतो, सोबतचे लोक वैतागतात.

इथं एक खड्डा आहे, नवीन पोरं हमखास पडतात म्हणून सांगते. जुन्या लोकांना आठवत असेल, एकत्रीकरण झालं तेव्हा जमिनींचे सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. रान तेच, बांध तोच, कागदावरचा नंबर वेगळा. अजून पण जुनं खरेदीखत निघालं की तलाठ्याकडं जाऊन जुना नंबर-नवा नंबर जोडून घ्यावा लागतो. बी-७३ चं तसंच झालंय. २००९ चा नकाशा पहिला, त्यात बऱ्याच ठिकाणी ठिगळं होती, मग दुरुस्त्या होत होत २०१७ मध्ये चौथी आवृत्ती आली, आता पाचवी चालते. प्रत्येक वेळी जागेचे आकडे सरकले आणि जीनच्या नावाच्या पाट्यापण बदलल्या. जुन्या पेपरातला आकडा घेऊन नव्या नकाशावर शोधत बसलात तर शेजाऱ्याच्या रानात जाऊन उभे राहाल. जुनं-नवं जोडणारे तक्ते त्या डेटाबेसमध्येच ठेवलेत, ते आधी उघडायचे. माझा स्वतःचा एक आख्खा आठवडा ह्यात गेलाय, आवृत्ती न बघता काम केलं म्हणून.

आता कुणी विचारेल की हे लोक एवढं फुकट का वाटतात, अमेरिकेतले लोक लई दानशूर आहेत का. तसं काही नाही, ह्याला मोठा इतिहास आहे आणि मला तो सगळ्या टेक्नॉलॉजीपेक्षा भारी वाटतो.

मका हे अनुवंशशास्त्राला सोयीचं पीक, कारण ह्याचा नर वर तुऱ्यात आणि मादी खाली कणसात. मधे हातभर अंतर. कणसाच्या मिशा कागदी पिशवीनं झाकल्या आणि आपल्याला पाहिजे त्या तुऱ्याचे पराग आणून टाकले की झाला संकर. आणि प्रत्येक दाणा हे वेगळं लेकरू. एका कणसावर काहीशे लेकरं ओळीनं बसलेली, जांभळी किती, पांढरी किती, बोटानं मोजा. पण वर्षाला एखादंच पीक निघतं, त्यामुळं एका माणसाच्या आयुष्यात किती संकर होणार? एकट्यानं हे काम उरकणं शक्यच नव्हतं.

म्हणून कॉर्नेल विद्यापीठातल्या आर. ए. इमर्सन नावाच्या प्राध्यापकांनी १९२९ मध्ये सगळ्या मकावाल्यांना एक टाइप केलेलं पत्र पाठवलं, की कुठला जीन कुठल्या जीनशेजारी आहे ह्याची जी माहिती तुमच्याकडं आहे ती पाठवा, न छापलेली पण चालेल, मी एकत्र करून सगळ्यांना परत पाठवतो. त्यातून पुढं मका अनुवंशशास्त्राचं एक सहकारी बातमीपत्र सुरू झालं. सहकारी हा शब्द त्यांनीच वापरलाय हां, आपण नाही चिकटवला. त्यात लोक अर्धवट निकाल टाकायचे, फसलेले प्रयोग टाकायचे, बी मागायचे, बी द्यायचे. आणि त्यावर एक सूचना असायची, की इथली माहिती ज्याची त्याला विचारल्याशिवाय पेपरात वापरायची नाही. आज ओपन डेटासाठी लायसन, अटी-शर्ती असं मोठमोठं चालतं, त्याचा गाभा ह्या एका ओळीत आहे: बघायला सगळ्यांना मोकळं, पण घेतलं कुणाकडून ते सांगायचं.

बियांचं पण तसंच. बिघडलेले, विचित्र, बुटके, पट्टेरी, ठिपक्यांचे असे मक्याचे हजारो प्रकार इलिनॉय राज्यातल्या अर्बाना इथं एका बीकेंद्रात ठेवलेत, संशोधनासाठी मागितले तर फुकट मिळतात. शेतकऱ्याला वाटेल असलं बुटकं बी ठेवून काय उपयोग. उपयोग कळायला कधीकधी चाळीस वर्षं लागतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये ओपेक-२ नावाचा एक मका होता, दाणा खडूसारखा, उजेड आरपार जात नाही असा, म्हणून ते नाव. १९३० च्या दशकात त्याची नोंद झाली आणि विषय संपला. पण कुणीतरी तो पेरून पेरून जिवंत ठेवला. मग १९६४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी त्याचं प्रथिन तपासलं तर लायसिन, म्हणजे प्रथिनातला एक गरजेचा घटक, जवळपास दुप्पट! मक्याची मोठी खोड हीच की प्रथिन असतं पण लायसिन आणि ट्रिप्टोफॅन कमी, म्हणून नुसत्या मक्यावर वाढणारी पोरं कुपोषित राहतात. ओपेकचा दाणा मऊ, किडीला लवकर बळी पडणारा, ते सुधारायला मेक्सिकोतल्या सिमिट ह्या मका-गहू संशोधन संस्थेत सुरिंदर वसल आणि इव्हँजेलिना व्हिलेगास ह्या दोघांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्याबद्दल २००० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तोच धागा पुढं भारतात आला, अल्मोड्याच्या संस्थेनं विवेक क्यूपीएम-९ (क्यूपीएम म्हणजे दर्जेदार प्रथिनाचा मका) काढला आणि २०१७ मध्ये दिल्लीच्या पुसा संस्थेनं त्याच्यात अ जीवनसत्त्व तयार करणारं कॅरोटीन वाढवलेला पुसा विवेक क्यूपीएम-९ सुधारित आणला. ते कॅरोटीन वाढवणारा जीनचा प्रकार कुठला, हे २०१० मध्ये छापून आलं होतं, वेगवेगळ्या मक्यांच्या डीएनएची तुलना करून. म्हणजे बघा, कनेक्टिकटमधला एक खडू-दाणा, मेक्सिकोतली प्रयोगशाळा, कुणीतरी उघडी ठेवलेली जीनची माहिती, आणि शेवटी आपल्या देशातली बियाण्याची पिशवी. मधल्या एकानं जरी कपाटाला कुलूप लावलं असतं तर साखळी तुटली असती.

इमर्सनच्या त्या कंपूत एक मुलगी होती, बार्बरा मॅक्लिंटॉक. तिची गोष्ट आपल्या चादरीच्या भाषेत सांगते. समजा जकार्डच्या माळेतला एक पुठ्ठा आपणहून निसटला आणि दुसरीकडंच जाऊन घुसला. जिथं घुसला तिथली नक्षी बिघडणार. परत निसटला की नक्षी पूर्ववत. ठिपक्या-ठिपक्यांच्या मक्याच्या दाण्यात तिला हेच दिसलं: रंगाच्या जीनमध्ये एक तुकडा घुसला म्हणून रंग गेला, आणि दाणा वाढताना काही पेशींमधून तो तुकडा उडून गेला, तेवढ्याच ठिकाणी रंग परत आला, म्हणून ठिपके. १९५० मध्ये तिनं हे लिहिलं तेव्हा फार कुणाच्या पचनी पडलं नाही. नोबेल मिळालं १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, एकटीला. आणि २००९ मध्ये जिनोम वाचून झाला तेव्हा दिसलं की मक्याच्या जिनोमचा जवळपास ८५ टक्के भाग असल्याच उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा आहे. म्हणजे चादरीत मोर थोडा आणि निसटलेले पुठ्ठेच जास्त.

हे तुकडे नुसता कचरा आहेत असं पण नाही. मक्याचा पूर्वज टिओसिंटे नावाचं मेक्सिकोतलं गवत, सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात लोकांनी त्याचा मका केला. त्या गवताला ढीगभर फांद्या आणि टीचभर कणसं. मक्याचं एक खोड आणि मोठं कणीस झालं ह्यात टीबी-१ ह्या जीनचा मोठा हात. आणि तो जीन जोरात चालायला लागला त्याचं कारण जीनमध्ये नाहीच, जीनपासून जवळपास ६० हजार अक्षरं लांब एक उडी मारणारा तुकडा येऊन बसलाय, त्याच्यामुळं. त्या तुकड्याचं नाव शास्त्रज्ञांनी हॉपस्कॉच ठेवलंय, म्हणजे आपली ठिकरी! हे २०११ मध्ये कळलं. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे बांधावर कुणीतरी येऊन बसला आन् आपलं रान सुधारलं, असं व्हय." व्हय मामा, असंच.

पण एकट्या बी-७३ चा नकाशा म्हणजे एकाच गावचा गावनकाशा झाला. दुसऱ्या मक्यात असलेले कितीतरी जीन बी-७३ मध्ये नाहीतच, मग ते तिथं शोधून सापडणार कसे? म्हणून २०२१ मध्ये एकदम २६ मक्यांचे पूर्ण जिनोम वाचून उघडे केले, त्यात उष्ण कटिबंधातले आले, मधुमका आला, लाह्यांचा मका पण आला. सिमिटनं गावरान मक्यांपैकी चार हजारांहून जास्त नमुन्यांची डीएनए-तपासणी करून तो डेटा मोकळा ठेवलाय, त्यांच्या बीपेढीत मक्याचे नमुने २८ हजारांच्या आसपास आहेत.

हे झालं सातचं. आता मामांच्या प्रश्नाकडं येते, बाराकडं.

बाराचा डेटा गोळा करणं महाकर्मकठीण. डीएनए एकदा वाचला की झालं, झाड सोलापुरात असो नाहीतर शिकागोत, अक्षरं तीच. पण उंची, उत्पादन, तुरा पडायचे दिवस हे सगळं जमिनीवर, पावसावर, खतावर, पेरणीच्या तारखेवर बदलतं. तेच बी काळ्या रानात एक बोलतं आणि मुरमाड माळावर दुसरंच बोलतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. शास्त्रज्ञ ह्याला मोठं नाव देतात पण अर्थ एवढाच. तर ह्यासाठी अमेरिकेत २०१४ पासून जिनोम्स टू फील्ड्स नावाचा उपक्रम चालू आहे. वेगवेगळ्या राज्यांतली विद्यापीठं ठरवून सारखेच संकरित वाण आपापल्या रानात लावतात, प्रत्येक ठिकाणी हवामानाचं यंत्र उभं करतात, मातीचा नमुना काढतात, सगळे एकाच पद्धतीनं मोजतात, आणि नंतर डीएनए, हवामान, माती, उत्पादन असं सगळं एकत्र करून जगासमोर टाकतात. सात आणि बारा एका कागदावर! त्यांनी मग एक स्पर्धा पण घेतली, जुन्या वर्षांचा डेटा घ्या आणि २०२२ च्या हंगामात कुठल्या ठिकाणी कुठलं वाण किती उतरेल ते आधीच सांगा. शेतीचा संबंध नसलेली कॉम्प्युटरवाली पोरं पण ह्यात उतरू शकत होती, कारण डेटा मिळवायला कुणाच्या ओळखीची गरज नव्हती.

मोजायची पद्धत एक ठेवायची ह्या गोष्टीला लोक हलक्यात घेतात. तुरा पडला म्हणजे कधी पडला? पहिल्या झाडाला दिसला तेव्हा, का निम्म्या झाडांना दिसला तेव्हा? उंची तुऱ्याच्या टोकापर्यंत, का वरच्या पानापर्यंत? दोघांनी दोन पद्धतीनं मोजलं आणि दोघांचे आकडे एका तक्त्यात घातले तर तो तक्ता खोटं बोलणार, आणि लई आत्मविश्वासानं बोलणार. म्हणून क्रॉप ऑन्टॉलॉजी नावाचा एक उघडा शब्दकोश केलाय, त्यात प्रत्येक गुणधर्माला एक ठरलेला नंबर, व्याख्या, मोजायची रीत आणि एकक दिलंय. वाचायला रटाळ आहे. पण माझ्या मते अख्ख्या ओपन डेटाच्या डोलाऱ्यात सगळ्यात कामाची वस्तू हीच.

बरं, सोलापूर काय मक्याचा जिल्हा म्हणून ओळखला जात नाही. आपण ज्वारीवाले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मालदांडी एम ३५-१ हे तर आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं वाण, नव्वदएक वर्षं झाली तरी लोकांना भाकरीला तीच पाहिजे. मग आपल्याला मक्याच्या डेटाचं काय? तर ज्वारी आणि मका ही सख्खी भावकी आहे. साधारण सव्वा कोटी वर्षांपूर्वी वाटणी झाली. दोघांची गुणसूत्रं दहा-दहाच, आणि वाटणी झाली तरी बांधावरची झाडं त्याच क्रमानं राहावीत तसा जीनचा क्रम मोठ्या पट्ट्यांमध्ये अजून तोच आहे. वाटणीनंतर मक्यानं आपला आख्खा जिनोम एकदा डबल करून घेतला, त्यामुळं ज्वारीतला एक पट्टा मक्यात दोन ठिकाणी सापडतो. ज्वारीचा जिनोम पण २००९ मध्येच आला, मक्याच्या काही महिने आधी, आकारानं मक्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि त्यासाठी सॉर्गमबेस नावाचा वेगळा डेटाबेस आहे. मक्यात एखाद्या जीनचं काम शंभर वर्षांच्या नोंदींमुळं नीट माहीत असतं, त्याचा ज्वारीतला भाऊ कोण ते दोन क्लिकमध्ये कळतं, आणि आपल्या शेळगीच्या रब्बी ज्वारी केंद्रात काम करणाऱ्या एखाद्या पोराचं शोधाचं रान एकदम शंभर एकरावरून चार गुंठ्यावर येतं. उत्तर मिळत नाही हां, फक्त खणायचं कुठं ते कळतं. (जाता जाता: लुधियानाची मका संस्था पण आयआयएमआर आणि हैदराबादची भरडधान्य संस्था पण आयआयएमआर. गुगल करताना माझा दर वेळी घोळ होतो.)

उघड्या डेटाचा एक फायदा तर आपण डोळ्यांनी बघितलाय, फक्त तेव्हा कळलं नाही. २०१८ मध्ये मक्याच्या पोंग्यात ती नवी लष्करी अळी दिसायला लागली, आधी कर्नाटकात आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यात. शेतकरी म्हणत होते नेहमीचीच अळी आहे, औषध मारू. पण शास्त्रज्ञांनी तिच्या डीएनएचा एक छोटा ठरलेला तुकडा वाचला आणि जेनबँकमधल्या तुकड्यांशी ताडून बघितला, तर ती अमेरिकेतून आफ्रिकेत आणि तिथून पुढं पसरलेली अळी निघाली. ताडून बघायला ते तुकडे आधी कुणीतरी फुकट ठेवलेले होते म्हणून हे पटकन झालं. अळी ओळखल्यानं ती मरत नाही हे मान्य, मामांचा पहिला प्लॉट त्या वर्षी गेलाच. पण कुठली अळी हे माहीत नसताना मारलेलं औषध म्हणजे अंधारात दगड.

आता दुसरी बाजू, कारण ओपन ओपन म्हणून नुसतं नाचणं पण बरं नाही. मेक्सिकोत ओआहाका राज्यातल्या डोंगरात मिहे लोकांच्या गावात एक उंच मका आहे, त्याच्या खोडाला वरवर हवेत मुळं फुटतात आणि त्यातून चिकट लाळेसारखा द्रव गळतो, त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार त्या मक्याला लागणाऱ्या नत्रापैकी २९ ते ८२ टक्के असा हवेतून मिळतो. युरियाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ह्याची किंमत सांगायला नको. हा मका त्या गावानं पिढ्यानपिढ्या जपला, मग त्याचा फायदा कुणाचा? तिथं गावाशी करार करून हिस्सा ठरवला गेला. पण बी बाहेर न नेता नुसती डीएनएची अक्षरं डाऊनलोड करून कुणी फायदा काढला तर? ह्यावर देशोदेशी वर्षानुवर्षं वाद चालू होता आणि २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरातल्या परिषदेत ठरलं की असा डेटा वापरून कमावणाऱ्या कंपन्यांनी एका सामायिक निधीत वाटा टाकावा. टाकावा म्हटलंय, सक्ती नाही. मला विचाराल तर डेटा उघडाच पाहिजे, पण सातवर मूळ मालकाचं नाव पुसलेलं नको. आणि बी मागवताना आपल्याकडं दिल्लीच्या एनबीपीजीआर ह्या बी-वाण जपणाऱ्या सरकारी संस्थेचा आयात परवाना आणि रोग-किडीची तपासणी लागते, ते कटकटीचं वाटतं खरं, पण लष्करी अळी बघितल्यावर मी त्याबद्दल कुरकुर करणं सोडलं.

आपल्या देशाचा डेटा कुठाय? मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९५७ पासून चालू आहे, असल्या प्रकल्पांत देशातला पहिला. एवढ्या वर्षांच्या चाचण्या, एवढी ठिकाणं, सोन्याची खाण आहे ती. पण ते बहुतेक अहवालांच्या पानांत. मी एकदा एका ठिकाणी जुन्या चाचण्यांचे आकडे मागितले, नाव नाही घेत, तिथल्या साहेबांनी प्रेमानं चहा पाजला आणि पेनड्राइव्हवर स्कॅन केलेल्या पीडीएफ दिल्या, तिरक्या, एका पानावर चहाच्या कपाचा गोल ठसा. त्यातले तक्ते हातानं टाइप करायला तीन महिने गेले. ह्याला उघडा डेटा म्हणायचं का? दार उघडं आहे पण उंबरा कमरेएवढा, असं झालं ते. डीएनएच्या बाबतीत सुधारणा दिसतेय, फरिदाबादला २०२२ मध्ये इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू झालं, सरकारी पैशातून निघालेला असा डेटा आता देशातच जमा करता येतो. पण तो सातच. बारा अजून तिरक्या पीडीएफमध्ये आहे, आणि आयोवाचा बारा कितीही चांगला असला तरी सांगोल्याच्या माळावर तो चालत नाही.

तर मामांकडं एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, दुकानदार वापरतात तसली. त्यात २००६ पासून पेरणीची तारीख, पाऊस कधी झाला, खत काय टाकलं, मुरघासाला कापणी कधी, किती टन निघालं, सगळं लिहिलेलं. हे दिवाळीतच कळलं, एवढी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी ती वही सोलापूरला आणली आणि रोज रात्री दोन-दोन पानं एक्सेलमध्ये घालतेय. तारखा आहेत, पाऊस आहे, टन आहेत. पहिलाच कॉलम वाणाचा, तो जवळजवळ रिकामा. फोन करून विचारलं, तर म्हणाले, "नाव पिशवीवर हुतं की गं, पिशवीत आता शेंगा भरल्यात." दोन-तीन वर्षांची नावं त्यांना आठवली, पण ते सगळे खासगी संकरित वाण, त्यांचे आई-बाप कोण हे कंपनी सांगत नाही, धंद्याचं गुपित आहे ते. अमेरिकेत अशा जुन्या कंपनी-वाणांचं २० वर्षांचं संरक्षण संपलं की बी एम्सच्या सरकारी बीपेढीतून मागता येतं, त्यांचा डीएनए पण वाचून ठेवलाय. मामांच्या पिशवीतल्या बियाण्याचं तसलं काही मला अजून सापडलेलं नाही. त्यामुळं सध्या माझ्याकडं १९ वर्षांचा बारा आहे, आणि सातच्या जागी मी 'पिशवी हिरवी, पोपटाचं चित्र' एवढंच टाइप केलंय.